घडीच्या तख्तापाशी गनीम मोडला, त्याची हकीकत

थोरांच्या लढाया थोर लोक लिहितात. वायोमिंग प्रांती सिंडर खोऱ्यात कोकरांच्या रक्षणार्थ जी मोहीम जाहली, ती लिहावयास कोणी थोर फिरकला नाही, सबब हे काम आम्हांकडे आले. आम्ही या खोऱ्यात टपाल वाटता वाटता म्हातारे जाहलो. दारोदारची कॉफी प्यालो, ती कॉफी कोणा भल्या माणसास सोसणारी नव्हे, तरी प्यालो, आणि त्या निमित्ताने जे डोळां दिसले व कानी आले ते येथे मांडिले आहे. जे पाहिले ते पाहिले म्हणोन, जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन, आणि जे डेल्बर्टरावांनी सांगितले ते निम्मे वजा करोन लिहिले आहे. वाचणाराने खातरजमा बाळगावी.

या खोऱ्यात पहिला अंमल वाऱ्याचा. त्याचे खालोखाल अंमल श्रीमती आर्डिथबाई पोलसन यांचा. मेंढरांची ही दौलत मातोश्री शर्लीबाई यांनी बर्फ, दुष्काळ आणि सरकारी माणसे या तिन्हींस तोंड देऊन उभी केली, आणि अखेरीस थोरल्या कन्येच्या हवाली करोन डोळे मिटले. आर्डिथबाईंनी लग्न केले नाही. मेंढरांतून सवड जाहली नाही. धाकट्या कन्या मॅक्सीनबाई ऐन तारुण्यात फिनिक्स शहरी निघोन गेल्या, तेथे दातांच्या डॉक्टराकडे कारभार पाहिला, आणि मातोश्रींच्या अखेरीस निघाल्या असता विमान चुकले, सबब पोचल्या नाहीत. त्याविसी उभयतां भगिनी आजवर एक शब्द बोलिल्या नव्हत्या. फोनवर हवापाण्याचे बोलत.

मातोश्रींचा एक कायदा दौलतीत चालत आला होता. ज्या जनावरास नाव ठेविले, ते विकावयाचे नाही. म्हणोन कळपात कोणास नाव नसे, नंबर असे, आणि कोणा पाहुण्याने लाडात येऊन एखाद्या कोकरास नाव देण्याचे मनी आणिले, तर शर्लीबाई त्यास हाती फावडे देऊन शेण काढावयास धाडीत.

मोहीम जाहली त्या साली मे महिन्यात, कोकरे नुकती जमिनीवर आली असता, लाल दरडीखाली कोयोटांच्या जोडप्याने ठाणे घातले. कोयोट म्हणजे कोल्ह्याहून थोर, लांडग्याहून कमी, आणि लबाडीस दोघांचा गुरू. ठाण्यात त्यांची पिले, पिलांस भूक, आणि समोर आर्डिथबाईंची दौलत. मग गनीम रोज पहाटे यावा, कोकरू उचलोन न्यावे, आणि जाताना टेकडीवर उभा राहोन मागे पाहावे, हा त्याचा उद्धटपणा बाईंस कोकरू गेल्याहून अधिक झोंबे. कुंपण बळकट केले, त्याने खालून उकरले. माणसाची चाहूल भासावी म्हणोन रेडिओ लावोन ठेविला, त्याने बातम्या ऐकल्या आणि कोकरू नेले.

हे वर्तमान फिनिक्सास कळताच मॅक्सीनबाई जातीने दाखल जाहल्या. समागमे बांधाबांध करण्याचे पुठ्ठ्याचे खोके गाडीभर, आणि मनी पक्की मसलत, की थोरलीस उठवोन घेऊन जावे. स्वयंपाकघरात खलबत जाहले, ते आम्ही टपाल देण्याच्या मिषाने दारात उभे राहोन ऐकिले.

"आर्डिथ, तुझ्या पाठीकडे बघ जरा. प्रश्नचिन्ह झालंय तुझं. चल माझ्याकडे. बिल्डिंगखाली पोहायचा तलाव आहे."

"मला पोहता येत नाही."

"तिथे कोणालाच येत नाही. नुसते कडेला बसतात."

"मग बसायला इथे काय कमी जागा आहे?"

"इथे बसलीयेस कधी तू?"

यावर आर्डिथबाई उठोन मोरीपाशी गेल्या, आणि जो रण सोडितो त्यास तह करावा लागतो. मग भांडी घासता घासता साबणाच्या हातांनी करार जाहला. रविवारच्या प्रार्थनेपर्यंत गनिमाने आणखी एक कोकरू नेले, तर सोमवारी दलालाचे ट्रक बोलवोन सारा कळप विकावा आणि आर्डिथबाईंनी फिनिक्सास कूच करावे. न नेले, तर मॅक्सीनबाईंनी हा विषय पुनः तोंडी आणू नये. आर्डिथबाईंनी हात मिळविला खरा, परंतु रात्री त्यांस अन्न गेले नाही. या मातीवेगळे त्यांस जग ठाऊक नव्हते, आणि तलावाच्या कडेला बसावयाची त्यांस मनापासून भीती वाटत होती.

त्याच दिवशी एक मेंढी बाळंतपणात दगावली आणि तिचे कोकरू पोरके जाहले. पोरके कोकरू चुलीपाशी ठेवोन बाटलीने दूध पाजावे, हा त्या मुलखाचा रिवाज. आर्डिथबाईंस कुंपणावरोन फुरसत नव्हती, म्हणोन बाटली मॅक्सीनबाईंच्या हाती आली. बाईंनी कपाळास आठ्या घातल्या, कोकरास आपल्याच एका खोक्यात ठेविले, आणि स्वच्छ बजाविले, "मी पाजेन. पण नावबिव काही ठेवणार नाही हां. सोमवारी जायचंय त्याला." त्या मुलखी कोकरांच्या शेपट्या रबर आवळोन आखूड करितात, तो दिवस आला तेव्हा मात्र, "आत्ता नको, दमलंय ते," म्हणोन कोकरू पाठीमागे लपविले. आर्डिथबाईंनी त्याकडे लक्ष दिले नाही. बखरकाराने दिले.

आता या मोहिमेचे सेनापती सांगतो. शेजारच्या रानाचे धनी डेल्बर्टराव क्विस्ट, पूर्वी रस्त्यावरील बर्फ लोटणारी गाडी चालवीत, आता पेन्शनीत होते. गुडघा एक साबूत, एक नादुरुस्त. हे रोज काही तरी निमित्त काढोन आर्डिथबाईंच्या अंगणात येत. कधी पाना परत करावयास, कधी तोच पाना पुनः मागावयास. बाई फिनिक्सास गेल्या तर पाना कोणाकडे न्यावा, ही चिंता त्यांस पोखरीत होती, परंतु बोलणार कोण? मग त्यांनी आपला हुन्नर पुढे केला. त्यांजपाशी ग्रेव्ही नामे पिवळा, एका कानाने अधू असा श्वान सरदार होता, तो कोयोटांच्या लढाईस खास तयार केलेला.

या सरदाराची विद्या अशी, की त्याने गनिमाच्या ठाण्यावर जावे, भुंकोन कुरापत काढावी, आणि गनीम अंगावर येताच पळत सुटावे. पळावे, थांबावे, वाकुल्या दाखवाव्या, पुनः पळावे. पिलांच्या रक्षणार्थ चवताळलेला गनीम पाठलाग करीत थेट बंदुकीच्या टप्प्यात येतो, आणि पुढील काम बंदुकीचे. गनिमावर गनिमी कावा तो हाच. इतर सरदार पळाले तर लाजतात, ग्रेव्ही पळाला की त्यास चीज मिळे. जन्मात त्याने एकदाही पुढे चाल केली नव्हती आणि त्याचा त्यास खेद नव्हता.

परंतु तालमीत एक चूक राहोन गेली होती, ती सेनापतींस ठाऊक नव्हती. गुडघ्यामुळे डेल्बर्टरावांस जमिनीवर बसवत नसे, म्हणोन शिकवणीचे दिवसांत ते सदैव एका घडीच्या खुर्चीवर बसत. खुर्ची अॅल्युमिनियमची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, बाजूस कापडी खिसा. खिशात काडतुसे आणि चीज. कुत्रा पळत येऊन खुर्चीखाली शिरला की चीज. डेल्बर्टराव समजत, की कुत्रा मजपाशी येतो. कुत्रा समजे, की राज्य खुर्चीचे आहे आणि वर बसणारे येतात जातात.

शनिवारी सकाळी मोहीम निघाली, तेव्हा आम्ही टपालाची गाडी फाटकापाशी लावोन होतो. डेल्बर्टराव हिरवा-करडा पोशाख करोन, तोंडास काजळी फासोन, खांद्यावर बंदूक आणि काखेत घडीची खुर्ची घेऊन अंगणात दाखल जाहले. मॅक्सीनबाई केसांस तांबूस कलप लावोन, मस्तकी प्लास्टिकची पिशवी बांधोन कलप मुरण्याची वाट पाहत पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सेनापतींस वरपासोन खालपर्यंत न्याहाळिले.

"डेल्बर्ट, शिकारीला निघालात की मासे पकडायला?"

"गुडघ्यासाठी लागते खुर्ची, मॅक्सीनबाई."

"मग छत्री पण घ्या की. आणि लिंबू सरबत. कोयोटना पण द्या थोडं."

आर्डिथबाई हसल्या. त्या फार दिवसांनी हसल्या हे खरे, परंतु डेल्बर्टरावांच्या काळजात ते हसू बाणासारखे रुतले. पुरुषाचा अभिमान जागा जाहला म्हणजे गुडघ्याचे कोण ऐकतो? त्यांनी खुर्ची तेथेच अंगणात टाकिली आणि म्हणाले, "नको मला. जमिनीवर झोपून मारतो." आणि खिशातील काडतुसांसुद्धा तख्त मागे ठेवोन सेनापती लंगडत टेकडीकडे चालिले. मागोमाग दुर्बीण घेऊन आर्डिथबाई. त्यांमागे ग्रेव्ही, तो वेळोवेळी मान वळवोन खुर्चीकडे पाहत होता. त्या पाहण्याचा अर्थ कोणी जाणिला असता, तर ही बखर लिहावी लागली नसती.

इकडे मॅक्सीनबाईंनी रिकामे तख्त पाहोन त्यावर आसन ग्रहण केले, कोकरास जवळ ओढिले, आणि दुधाची बाटली त्याच्या तोंडी दिली.

टेकडीमाथ्यावर सेज नामे करड्या रानझुडपांत डेल्बर्टराव पालथे पडले. पडताना गुडघा असा वाजला की आर्डिथबाईंस वाटले बार उडाला. मग त्यांनी तोंडास शिंग लावोन परक्या कोयोटाची हाळी दिली, की आम्ही आलो, मुलूख आमचा, हिंमत असेल तर या. लाल दरडीवरोन जबाब आला. ग्रेव्हीस इशारत केली, तो उतारावरोन सुटला, ठाण्यासमोर जाऊन यथेच्छ भुंकला, आणि गनिमाचे नर-मादी दोघेही दात विचकोन अंगावर येताच शेपूट दाबोन जो माघारी फिरला, त्या पळण्याची तारीफ काय लिहावी? पळे, थांबे, भुंके, पुनः पळे. गनीम संतापोन मागे. आर्डिथबाई दुर्बिणीतून पाहत म्हणाल्या, "डेल्बर्ट, येतायत रे. दोघंही येतायत."

"येऊ दे. अजून येऊ दे."

"आले की."

"आता ग्रेव्ही माझ्यापाशी येईल, बघ तू."

ग्रेव्ही त्यांजपाशी आला, त्यांजकडे पाहिले, आसपास खुर्ची शोधली, न दिसता क्षणभर गोंधळला, आणि त्यांच्या पाठीवर पाय देऊन पलीकडे निघोन गेला. मागोमाग गनीम इतक्या जवळोन गेला की सेनापतींची टोपी उडाली. डेल्बर्टरावांनी नेम धरोन चाप ओढिला. टक्. पुनः ओढिला. टक्. मग त्यांनी अंगावरचे खिसे चाचपले.

"काडतुसं," ते म्हणाले.

"काय काडतुसं?"

"खुर्चीत राहिली."

आर्डिथबाईंनी दुर्बीण अंगणाकडे वळविली. आणि मग त्यांनी पाहिले, की उताराखाली अंगणात हिरवी-पांढरी खुर्ची, खुर्चीत भगिनी, भगिनीच्या पायाशी तेच एक कोकरू, आणि त्या दिशेने आपला सरदार सारी गनिमी फौज समागमे घेऊन तीरासारखा चालला आहे. तहाची कलमे त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. एक कोकरू. रविवार उद्यावर. त्या धावत सुटल्या. डेल्बर्टरावांस उठता आले नाही, ते तेथेच पडल्या पडल्या ओरडू लागले, परंतु वारा उलटा होता.

आता ऐका. ग्रेव्ही अंगणात शिरला आणि सरळ तख्ताखाली जाऊन चीजची वाट पाहत बसला. मादी कुंपणापाशी थबकली. नर गनीम मात्र मदांध, त्याने कोकरू पाहिले, कुत्र्याचा राग विसरला, आणि झेप घालोन कोकराची शेपूट दातांत धरिली. या समयी मॅक्सीनबाईंनी काय करावे? स्वस्थ बसावे, इतकेच. कोकरू गेले की तह पुरा, सोमवारी ट्रक, मंगळवारी थोरली बहीण गाडीत आणि दौलतीचा फडशा. फत्ते त्यांच्या मांडीवर चालोन आली होती. बसण्याहून अधिक काही करावयाचे नव्हते, आणि बसण्यात फिनिक्सचे लोक तरबेज असतात.

मॅक्सीनबाई उठल्या.

उठल्या त्या खुर्चीसकट उठल्या, कारण की तख्ताची घडी मिटोन ते त्यांच्या पाठीमागे घट्ट बसले. मस्तकी फडफडणारी पिशवी, कपाळावरोन ओघळणारा तांबडा कलप, हाती दुधाची बाटली, पिछाडीस अॅल्युमिनियमचा खडखडाट, ऐशा स्वरूपात बाईंनी गनिमावर चाल केली आणि ज्या नावाचा त्या मुलखात पंधरा वर्षे कोणी उच्चार केला नव्हता ते नाव टिपेच्या आवाजात पुकारिले.

"शर्ली! सोड, मेल्या, माझ्या शर्लीला सोड!"

धावत येणाऱ्या आर्डिथबाई मध्यावर उभ्या राहिल्या. आईचे नाव त्यांनी ऐकिले. ते कोणास ठेविले आहे हेही त्यांस कळले.

इकडे एक अघटित जाहले. तख्त चालले, तेव्हा तख्ताखाली राहण्याची ज्यास तालीम, तो ग्रेव्ही सरदार तख्ताखालोन चालणे भाग पडोन पुढे निघाला. जन्मात ज्याने चाल केली नाही त्याने त्या दिवशी चाल केली, ती बाईंच्या पायांतून, भुंकत भुंकत, आणि एक नजर चीजच्या खिशावर ठेवोन. गनिमाने मान वर करोन पाहिले. आजवर पळत आलेला कुत्रा उलटला आहे, त्यास सहा पाय जादा फुटले आहेत, वरती लाल तोंडाचे फडफडते काही तरी आहे, आणि ते दूध फेकीत आहे. बाटली त्याच्या दोन्ही डोळ्यांमध्ये बसली. ऐसे शस्त्र, ऐसा शत्रू त्याच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. हिसक्यासरशी शेपटीचे टोक तोंडात राहिले, तितकेच घेऊन तो पळाला. मादी आधीच पळाली होती. दोघांनी वाटेत डेल्बर्टरावांस पुनः तुडविले.

मग अंगणात शांतता जाहली. मॅक्सीनबाई मातीत गुडघे टेकोन कोकरास उराशी धरोन बसल्या, खुर्ची पाठीस तशीच. आर्डिथबाई येऊन शेजारी बसल्या. रक्त पुसले. शेपूट रबर लावोन जेथवर काढावयाची होती, गनिमाने नेमकी तेथवर काढली होती, त्या कामी त्याची तारीफ करावी लागेल. 

"तू नाव ठेवलंस," आर्डिथबाई म्हणाल्या.

"चुकून पडलं तोंडातून."

"आईचं?"

"ती पण अशीच होती. दूध थोडं उशिरा दिलं तर लाथ मारायची." मॅक्सीनबाईंनी कोकराच्या कानावरची माती झाडली. "विमान नव्हतं चुकलं माझं, आर्डिथ. मी विमानतळावर बसून होते. मला यायची हिंमत नाही झाली."

आर्डिथबाईंनी त्यांच्या मस्तकावरील पिशवीची गाठ सोडिली, कारण की हातांस काही तरी काम हवे होते. मग म्हणाल्या, "मला माहीतच होतं. तू कधी विमान चुकवणारी नाहीस."

यावर उभयतां रडल्या. किती रडल्या ते बखरकाराने पाहिले, लिहिणार नाही.

मध्यंतरी डेल्बर्टराव रांगत, मातीने माखोन, टोपीविना अंगणात पोचले आणि तहाचा पेच त्यांनीच उपस्थित केला, की कोकराचा काही भाग गनिमाने नेला आहे, तर कराराप्रमाणे कोकरू गेले म्हणावे, की न गेले? प्रश्न विचारताक्षणी त्यांस पश्चात्ताप जाहला आणि त्यांचा चेहरा उतरला. आर्डिथबाई पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे पाहू लागल्या, कारण की त्यांनी साबणाच्या हाताने वचन दिले होते आणि त्या वचन मोडणाऱ्यांतल्या नव्हेत. तेव्हा निवाडा वादीनेच केला.

"शेपूट गेली, कोकरू नाही," मॅक्सीनबाई म्हणाल्या. "आणि नाव ठेवलेलं विकता येत नाही. आईचा कायदा आहे. ही एकटी राहील का इथे? कळप लागेल तिला. आणि डेल्बर्ट, तुम्ही आता या खुर्चीतून मला बाहेर काढता का, की मी अशीच जेवायला बसू?"

ऐसा हुकूम जाहला. खुर्ची काढण्यास दोन माणसे आणि थोडे लोणी लागले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, तिचे फळ लिहितो. गनिमाने त्याच संध्याकाळी पिले तोंडात धरोन लाल दरडीचे ठाणे उठविले आणि पलीकडे डेल्बर्टरावांच्या रानात वस्ती केली. तेथे मेंढरे नाहीत, उंदीर पुष्कळ आहेत, सबब त्यास तेथे राहू देण्याचा निर्णय जाहला. दलालास मॅक्सीनबाईंनी स्वतः फोन करोन ट्रक न पाठविण्याचे कळविले, तो काही बोलू लागता फोन ठेविला. पुठ्ठ्याचे खोके पोरक्या कोकरांकडे तैनात जाहले. ग्रेव्ही सरदार तख्ताचा चाकर, तख्त मॅक्सीनबाईंनी जिंकलेले, तेव्हा सरदार आपोआप बाईंच्या अंगणात रुजू जाहला, आणि डेल्बर्टरावांस आपला कुत्रा पाहण्यास रोज यावे लागते. आता त्यांस पाना लागत नाही.

लढाईच्या धांदलीत कलप वेळेवर धुतला नाही, म्हणोन मॅक्सीनबाईंचे केस पिकल्या भोपळ्याच्या रंगाचे जाहले. ऐशा डोक्याने फिनिक्सास तोंड दाखवणार नाही, कलप उतरला की जाईन, ऐसे त्यांनी त्या दिवशी सर्वांसमक्ष जाहीर केले होते. पुढे लोकर कातरली, गवत कापले, पहिले बर्फ पडले. कलप उतरून केस पांढरे जाहले, त्यास आता बरेच दिवस होऊन गेले. आम्ही टपाल घेऊन गेलो असता बाई त्याच खुर्चीवर बसलेल्या, पायाशी आखूड शेपटीची शर्ली, खाली ग्रेव्ही. आर्डिथबाई शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या. बसल्या होत्या, हे मुद्दाम लिहून ठेविले आहे. कलपाविसी कोणी कोणास विचारणा केलेली नाही.